धरमतरचं सर्टिफिकेट ऱ्हाइनवर का चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मूळचे भोरचे, घर पुण्यात, नोकरी रायगड जिल्ह्यातल्या धरमतरच्या खाडीत बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर. सेकंड क्लास मास्टरचं, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या बोटप्रमुखाचं सर्टिफिकेट हातात आहे. जर्मनीतला आतेभाऊ सांगतो की ऱ्हाइन नदीवरच्या मालवाहू बोटींना माणसं मिळत नाहीत. तुमचा शाळेतला मित्र तळेगावजवळच्या संस्थेत शिकून मर्चंट नेव्हीत गेला, त्याचा कागद सिंगापूरपासून रॉटरडॅमपर्यंत चालतो, मग तुमचाच का नाही? आणि सगळ्या देशांनी मिळून नदीतल्या बोटींसाठी एकच परवाना का काढू नये?

चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. 'चालवून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. का चालत नाही, ते मात्र सावकाश सांगतो. मी पंचवीस वर्षं बार्जवर काढली, खलाशापासून फर्स्ट क्लास मास्टरपर्यंत. गेली बारा वर्षं पुण्यात राहून अशाच परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शिकवतो, आणि अधूनमधून ओरलच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या टेबलामागे बसायलाही बोलावणं येतं. म्हणजे या कागदाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

तुमच्या मित्रापासून सुरुवात करू. त्याचा कागद १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारावर उभा आहे. खलाशांचं प्रशिक्षण, सर्टिफिकेट आणि वॉच (जहाजावरची पहाऱ्याची पाळी) या तिन्हींचे किमान दर्जे ठरवणारा तो करार, ज्याला सगळे एसटीसीडब्ल्यू म्हणतात. त्या कराराने आपल्या व्याख्येतच नदी-कालव्यांत आणि आडोशाच्या पाण्यात फिरणाऱ्या बोटी बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे तुम्ही त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी नव्हताच. शिवाय मित्राचा कागदही आपोआप चालत नाही. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाकडून त्याला मान्यतेचा वेगळा कागद घ्यावा लागतो. त्याची कंपनी ते काम परस्पर करते, त्यामुळे त्याला ते जाणवत नसेल.

समुद्रावर हे जमलं, त्याचं एक कारण लोक बोलत नाहीत. खोल समुद्र सगळ्यांना सारखाच आहे, आणि जिथे तो सारखा राहत नाही, म्हणजे बंदराच्या तोंडाशी, तिथे शिडी टाकून स्थानिक पायलट, म्हणजे तिथलं पाणी ओळखणारा वाटाड्या वर घेतात. जागेची माहिती कॅप्टनच्या परवान्यातून काढून पायलटच्या डोक्यात ठेवली, म्हणून कॅप्टनचा परवाना जगभर एकसारखा करता आला. नदीत मात्र पहिल्या जेटीपासून शेवटच्या जेटीपर्यंत सगळा प्रवासच पायलटच्या पाण्यातला. तिथे मास्टर आणि पायलट एकच माणूस असतो. मग परवाना कशाचा द्यायचा, हाताचा की पाण्याचा?

युरोपने या प्रश्नावर दोनशे वर्षं घातली आहेत. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाइनसाठी आयोग ठरला. १८६८ चा मॅनहाइमचा करार आजही लागू आहे आणि आयोगाचं कार्यालय स्ट्रासबुर्गला आहे. त्यांचा ऱ्हाइनचा खास परवाना असे, त्याला 'पॅटेंट' म्हणत. डॅन्यूब नदीचं वेगळं घर: १९४८ चा बेलग्रेडचा करार, कार्यालय बुडापेस्टला. मध्ये १९९१ आणि १९९६ साली युरोपीय देशांनी एकमेकांचे परवाने मानायचे नियम केले, पण त्यातून ऱ्हाइन बाजूलाच राहिली. डॅन्यूबवर हयात घालवलेल्या माणसाला ऱ्हाइनवर तेवढ्या जोरावर सुकाणू हातात मिळत नसे, आणि हे एकाच खंडात, कालव्याने जोडलेल्या दोन नद्यांत.

१९९६ च्या नियमाचा साचा आपल्यासारखाच होता: वय एकवीस, अनुभव चार वर्षं, अमुक विषयांची परीक्षा. बोट कशी चालवता यापेक्षा किती वर्षं बोटीवर होतात यावर भर. २०१७ साली युरोपीय युनियनचा नवा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधणारा नियम आला आणि १८ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. त्याने प्रश्नच बदलला. माणसाला काय करता येतं ते सांगा, ते करून दाखवायला लावा, प्रत्यक्ष बोटीवर नाहीतर सिम्युलेटरवर. दर्जे लिहायला २०१५ मध्येच एक समिती नेमली होती, तिच्यात ऱ्हाइनचा आयोग आणि युरोपीय युनियन एकत्र बसतात. आता युनियनचा परवाना ऱ्हाइनवरही चालतो. जुने परवानेवाले एका रात्रीत रस्त्यावर येऊ नयेत म्हणून त्यांना दहा वर्षांची मुदत दिली आहे, २०३२ च्या जानेवारीपर्यंत. आपल्याकडे नियम बदलला की सोमवारी सकाळी कळतं आणि मंगळवारी दंड होतो, म्हणून ही दहा वर्षं मुद्दाम सांगितली.

मला त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो तो हा, की त्यांनी हात आणि पाणी वेगळं केलं. मूळ परवाना हाताचा, सगळीकडे एक. त्यावर पाण्याची वेगळी मंजुरी. रडारवर बोट चालवायची असेल तर वेगळी, समुद्रासारख्या पाण्यात जायचं तर वेगळी, मोठा ताफा ढकलायचा तर वेगळी. आणि काही टप्पे 'विशेष धोक्याचे' म्हणून जाहीर करता येतात, पण ते देशाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. प्रवाह सारखा बदलतो, अपघात वारंवार होतात, असं ठोस कारण दाखवावं लागतं. नाहीतर प्रत्येक देशाने आपली अख्खी नदीच धोक्याची ठरवून परक्यांना बाहेर ठेवलं असतं.

असा टप्पा म्हणजे काय ते लोरेलाईवर कळतं. ऱ्हाइन तिथे कड्याखाली अरुंद होते, वळणं एकापाठोपाठ येतात, समोरून कोण येतंय ते दिसत नाही, म्हणून काठावर दिव्यांचे सिग्नल आहेत. जुन्या नियमात ऱ्हाइनचा ठरावीक टप्पा चालवायला दहा वर्षांत त्या पाण्यातून सोळा फेऱ्या दाखवाव्या लागत, त्यातल्या तीन गेल्या तीन वर्षांतल्या. १३ जानेवारी २०११ रोजी 'वाल्डहोफ' नावाची टँकर बोट सुमारे २,४०० टन सल्फ्युरिक ॲसिड घेऊन तिथेच उलटली. दोघे गेले, आणि ऱ्हाइनची वाहतूक जवळजवळ महिनाभर अडली. चौकशीत निघालं की टाक्या ज्या तऱ्हेने भरल्या होत्या त्यात बोटीला पुरेसा तोलच नव्हता. अर्धवट भरलेल्या टाकीतलं द्रव वळणावर एका अंगाला धावतं, हे शास्त्र धरमतरला, हल्दियाला आणि लोरेलाईला एकच आहे. ते सगळ्या जगात एका पुस्तकातून शिकवा, एका पेपरात विचारा, माझी हरकत नाही. वळण मात्र लोरेलाईचंच आहे, ते पुण्यात वर्गात बसून शिकता येत नाही.

आणखी एक गंमत. तुम्हाला आणि मला समोरासमोर आल्यावर आपलं डावं अंग समोरच्याच्या डाव्या अंगाकडे ठेवून जायची सवय आहे. ऱ्हाइनवर कोणत्या बाजूने पार व्हायचं ते प्रवाहाविरुद्ध चढणारी बोट ठरवते. उजवीकडून उजवीकडे जायचं असेल तर ती उजव्या अंगाला निळा फलक आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवते, आणि उतरणाऱ्याने ते मानायचं. त्यामागे पाण्याचंच कारण आहे. चढणारी बोट संथ पाणी शोधत या काठावरून त्या काठावर जाते, आणि उतरणाऱ्यापेक्षा तिला थांबणं सोपं असतं. तुम्ही कितीही चांगले मास्टर असा, तो निळा फलक पहिल्यांदा पाहिलात तर हात अडखळेल.

पाण्याची खोलीही तशीच. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऱ्हाइनवर काउब इथल्या मापपट्टीवर पाणी २५ सेंटिमीटरवर आलं. आपला माणूस वाचेल तर म्हणेल, गुडघ्याएवढं पाणी नाही आणि बोटी कसल्या चालवता? पण त्या पट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. पट्टीवर पाऊण मीटरच्या आसपास पाणी असतं तेव्हा चॅनेलमध्ये १.९० मीटर मिळतं. हा हिशेब तिथल्या मास्टरच्या तोंडावर असतो. तुमच्या तोंडावर उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) असतं, आज तिथी कोणती आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या आधी जेटी सोडायला हवी का. दोघंही आपापल्या जागी बरोबर. १९१६ साली सुरू झालेलं जल आणि विद्युत संशोधनाचं मोठं केंद्र खडकवासल्याला आहे, तिथे नद्या आणि खाड्यांची मॉडेलं करून पाणी कसं वागतं ते पाहतात. तिथेही प्रत्येक नदीला मॉडेल वेगळंच करावं लागतं. ऱ्हाइनचा अभ्यास केला म्हणून ब्रह्मपुत्रेचं उत्तर निघत नाही.

आता आपल्याकडे या. दुसऱ्या देशांचं सोडा, परवापरवापर्यंत आपली राज्यंच एकमेकांचा कागद मानत नव्हती. १९१७ चा कायदा होता आणि त्याखाली ज्याचे त्याचे नियम. मी महाराष्ट्राचं सर्टिफिकेट घेऊन गोव्यात खनिजाच्या बार्जवर नोकरीला गेलो तेव्हा कचेरीत शिक्का मारून आणायला सांगितलं. त्या शिक्क्यासाठी दीड महिना बिनपगारी बसलो. भाडं डोक्यावर, मालक रोज विचारतो. शेवटी साहेबांनी कागद पाहिला, फोटोशी तोंड जुळवलं, शिक्का दिला. प्रश्न एकही नाही. पावसाळ्यात मांडवीचं तोंड वाळूच्या पट्ट्यामुळे बंद होतं आणि बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत काढाव्या लागतात, हे मला त्या कचेरीतल्या कोणीही विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. तिसऱ्या फेरीला मी कालव्याच्या वळणावर भरलेली बार्ज गाळात बसवली. पुढच्या भरतीपर्यंत सगळा ताफा माझ्या मागे तिष्ठत उभा. त्या आठ तासांत कोकणीतल्या ज्या शिव्या ऐकल्या, त्यातल्या काहींचा अर्थ मला आजही कोणी सांगत नाही. दीड महिना अडवून ठेवून त्या शिक्क्याने तपासलं काय, तर माझं नाव.

२०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा ७ जून २०२२ पासून लागू झाला आणि तो शिक्का गेला. एका राज्यात मिळालेलं सर्टिफिकेट देशभर चालतं, नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवायच्या आहेत. चांगलं झालं, यात शंका नाही. २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केले, त्यात तुमची अंबा नदी आहे, दाभोळची खाडी आहे, सावित्री आहे, गोव्यातली मांडवी, झुआरी आणि तो कुंभारजुव्याचा कालवाही आहे. एवढे मार्ग एका देशाचे म्हणायचे आणि मास्टरला प्रत्येक नाक्यावर अडवायचं, हे टिकणारं नव्हतंच. पण आपण शिक्का काढला तेव्हा त्या जागी पाण्याची परीक्षा ठेवली नाही. युरोपने हात एक केला आणि पाणी वेगळं तपासलं. आपण हात एक केला आणि पाणी मालकाच्या भरवशावर सोडलं. उद्या धरमतरचा पोरगा सरळ ब्रह्मपुत्रेवर गेला तर कायद्याने त्याला कोणी अडवणार नाही. तिथे एका पुरात चॅनेल सरकतं, काल बोट गेली तिथे आज वाळू वर आलेली असते. ते त्याला पहिल्याच फेरीत कळेल, कसं कळेल ते देव जाणे.

अभ्यासक्रम सारखा करणं अवघड नाही, कागदावर तो बराचसा सारखा आहेच. लाटांच्या उंचीवरून पाण्याचे विभाग पाडतात, त्याचे आकडे पाहा: ०.६, १.२ आणि २ मीटर. युरोपातही हेच, आपल्याकडेही हेच. घोडं अडतं ते दिवसांवर. परीक्षेला बसायला अमुक दिवस बोटीवर काम केलेलं हवं. ते दिवस खरे होते हे कोण सांगणार? मी ओरलला बसलो असताना एक मुलगा आला. तीन वर्षांची सर्व्हिस, सही-शिक्क्यानिशी. बार्जचं नाव वाचलं आणि मला हसू आलं. ती बार्ज त्यातली दोन वर्षं स्लिपवर, म्हणजे दुरुस्तीच्या उतारावर ओढून ठेवलेली गंजत उभी होती, मी स्वतः शेजारून जाताना पाहत असे. पोराचा दोष म्हणावा तर गरिबाघरचा, मालकाने लिहून दिलं, त्याने आणलं. गाठ कशी मारायची तेसुद्धा त्याचा हात शोधत होता.

युरोपातली गोष्ट अशी, की माणसाच्या सर्व्हिस बुकातले दिवस बोटीच्या लॉगबुकाशी, म्हणजे बोटीच्या रोजच्या नोंदवहीशी ताडून अधिकारी शिक्का मारतो. जुन्या ऱ्हाइनच्या नियमात वर्षाला १८० दिवस चालवलेले धरले की एक वर्ष पूर्ण, आणि एका वर्षात त्याहून जास्त मोजायचेच नाहीत. म्हणजे ३६५ दिवस लिहून आणण्यात काही फायदाच ठेवला नाही. आता या नोंदी देशोदेशीच्या कचेऱ्यांना एकमेकांत पाहता याव्यात अशी सोय केली आहे. रोमानियातला परवाना डच मालक मानतो तो या ताडून पाहण्यामुळे, प्रेमामुळे नव्हे. युनियनच्या बाहेरच्या देशासाठी निर्देशात दार आहे: तुमचे नियम आमच्याइतके कडक हवेत आणि तुम्हीही आमचा कागद मानायला हवा. उद्या कोणी तिथून आपली लॉगबुकं पाहायला आलं तर आपण काय दाखवू, याचा विचार केला की मला झोप लागत नाही.

आणि खरं सांगू का, आपल्याला ऱ्हाइनपेक्षा बांगलादेशचं काम आधी आहे. १९७२ पासून दोन्ही देशांत नदीवाहतुकीचा करार आहे, बोटी सुंदरबनातून पार आसामपर्यंत जातात. २०२० मध्ये त्रिपुरातलं सोनामुरा जोडलं. जानेवारी २०२३ मध्ये 'गंगा विलास' वाराणसीहून निघाली आणि बांगलादेशातून ३,२०० किलोमीटर जाऊन दिब्रुगडला पोहोचली. त्यांचा कायदा १९७६ चा, आपला २०२१ चा. त्यांच्याकडेही पहिल्या, दुसऱ्या वर्गाचे मास्टर आहेत. सारंग, सुकाणी, खलाशी हे शब्दही आपल्यासारखेच, सगळ्या बोटवाल्यांनी शेकडो वर्षांपूर्वी फारशी-पोर्तुगीज मिसळून केलेली ती भाषा आहे. नदीसुद्धा तीच आहे, सरहद्दीपाशी नाव तेवढं बदलतं. ऱ्हाइन-डॅन्यूबला जे दोनशे वर्षांत जमलं ते इथे वीस वर्षांत जमायला हवं. सुरुवात एकत्र परीक्षेने नको, एकमेकांच्या लॉगबुकाच्या छाननीने व्हावी.

कोणी म्हणेल, पुण्यात बसून या गप्पा कशाला, इथे मुळा-मुठेत धड पाणी नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्या बोटीच्या कागदांबद्दल मी बोलत नाही. पण एक काठ सोलापूर जिल्ह्यात, दुसरा पुणे जिल्ह्यात, आणि मधल्या पाण्यावर बोट हाकणाऱ्याचे दिवस कोणाच्या वहीत लिहिले जातात, हे तिथल्या कोणाला विचारून पाहा.

तुमच्यापुरतं सांगतो. तिकडे जायचंच असेल तर मास्टर म्हणून नव्हे, डेकवरचा माणूस म्हणून जावं लागेल, आणि तेही तिथला मालक आणि व्हिसा आधी पक्का झाल्यावर. तिथे दिवस भरून, तिथली भाषा शिकून, तिथली परीक्षा द्यायची. वायरलेसवर कोणी ओरडलं तर ते जर्मनमध्ये किंवा डचमध्ये असेल, तुमच्यासाठी थांबून इंग्रजीत सांगेलच असं नाही. वय तिशीच्या आत असेल तर जमेल. नाहीतर इथे फर्स्ट क्लास करा, पाटण्याच्या राष्ट्रीय संस्थेत नदीच्या नौकानयनाचे कोर्स असतात ते पाहा. समुद्राची ओढ असेल तर किनारी वाहतुकीच्या सर्टिफिकेटची वाट डीजी शिपिंगकडून (केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाकडून) आहे, ती वेगळी आणि लांबची आहे.

तुम्ही सोबत सर्व्हिस बुकच्या पानांचे फोटो पाठवलेत, ते मी नीट पाहिले. सगळ्या नोंदी एका शाईत, एका हाताने, एका बैठकीत लिहिलेल्या दिसतात, आणि गेल्या वर्षी ३१ जूनलाही तुम्ही ड्यूटीवर होतात. त्यावर शिक्का आहे, म्हणजे कोणी वाचलंही नाही. ते पान मालकाच्या कचेरीतून परत लिहून घेऊ नका. बार्जचं लॉगबुक मागा, तुमच्या फेऱ्यांच्या तारखा स्वतः उतरवून काढा, त्यावर मास्टरची सही घ्या आणि ज्या दिवशी बार्ज जेटीला बांधून होती ते दिवस गाळा. दिवस कमी भरतील, बहुधा चार-पाच महिन्यांनी. मग पुढचा फॉर्म तेवढ्या उशिराने भरा.